पातेल्यापाशी अठरा मिनिटं

(आपल्या गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. भाषण चालू असताना शेजारी शेगडीवर पातेलं होतं. मधले प्रश्न जमतील तितके ठेवले आहेत.)



मागच्या बैठकीत मी म्हटलं, पुढच्या वेळी इटलीतला मांस घालून केलेला भात करून दाखवते आणि करता करता बोलते. तेव्हा दोघीतिघींचे चेहरे पडले. एकीने नंतर जिन्यात गाठून विचारलंच, "ताई, इतकी वर्षं आपण बायकांना चुलीपासून बाजूला व्हा म्हणतोय आणि आता आपल्याच अंकात पाककृती?" प्रश्न रास्त आहे. पाककृती शिकवायला पुष्कळ मासिकं आहेत. मला बोलायचंय ते या भाताच्या मागे उभ्या असलेल्या बायकांबद्दल, आणि थोडं माझ्याबद्दल. पण भात न करता ते सांगता येणार नाही असं मला वाटतं. म्हणून ही शेगडी.

आधी एक सांगते. मी इटलीला फिरायला गेले नव्हते. मुलीची नोकरी तिथे, व्हेर्चेल्ली नावाच्या गावात. तिचं बाळंतपण करायला २०११ साली सहा महिने गेले. म्हणजे काय, तर पहाटे उठून बाळाला न्हाऊमाखू घालणं, मुलीला लापशी, जावयाचा डबा, धुणं, रात्रीची जागरणं. आपल्याकडे आईने हे करायचंच असतं. खालच्या मजल्यावर पंच्याहत्तरीच्या पुढची एक आजी एकटी राहायची. तिथे आजीला 'नोन्ना' म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. तिला मराठी येत नाही, मला इटालियन येत नाही, मुलगी मध्ये दुभाषी. पहिल्या आठवड्यातच नोन्नाने मुलीमार्फत मला विचारलं, "तुला हे लोक किती देतात?" मुलगी ओशाळली. मला आधी कळेना, मग राग आला. आईला कुणी पैसे देतं का? नोन्ना म्हणाली, "विचारून ठेवावं. मी पंधराव्या वर्षापासून विचारत आलेय."

ती पंधराव्या वर्षी काय करत होती ते ऐका. व्हेर्चेल्लीच्या चहूबाजूंना भातखाचरं आहेत. पो नदीचं खोरं, वर आल्प्स पर्वत, बर्फाचं पाणी कालव्यांनी खाली येतं. सगळ्यात मोठा कालवा कावूरच्या नावाचा, १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत खोदलेला. हा कावूर म्हणजे इटलीच्या एकीकरणातला पुढारी. त्याची स्वतःची भाताची जमीन याच भागात होती. वसंतात आकाशाचं प्रतिबिंब पडलेली खाचरं पाहिली आणि मला भंडारा-गोंदियाची आठवण झाली. फरक एवढाच की नोन्नाने सांगितलेलं काम मुख्यतः रोवणीचं नव्हतं, निंदणीचं होतं. पाण्यात भाताबरोबर तण वाढतं, ते हाताने उपटायचं. त्यांच्या भाषेत 'मोन्दारे' म्हणजे निवडणं, साफ करणं. ते करणारी ती मोंदिना, आणि अनेकजणी म्हणजे मोंदिने.

मे-जूनमध्ये साधारण चाळीस दिवस. हजारोंनी बायका यायच्या, एमिलियातून, व्हेनेतोतून, लोंबार्दीतून, आगगाडीत दाटीवाटीने बसून. गुडघाभर पाण्यात, कमरेत वाकून, एका ओळीत. मागे मुकादम. बोलायला मनाई, गायला मात्र हरकत नसे, कारण गाण्याने हात चालतो. पायाला जळवा, अंगाला डास. मलेरिया तर ठरलेला. म्हणून पाऊल उघडं आणि पोटरी झाकलेली असे बिनतळव्याचे मोजे घालायच्या. रात्री शेतवाड्याच्या एका लांबलचक खोलीत गवताच्या गाद्यांवर शंभर-शंभर जणी. मजुरीचा एक भाग रोख आणि एक भाग तांदूळ: कामाच्या दर दिवसाला एक किलो. चाळीस दिवसांचे चाळीस किलो तांदूळ घेऊन बाई घरी परतायची. नोन्ना एमिलियातल्या एका खेड्यातून १९४९ च्या सुमारास पहिल्यांदा आली. पहिल्या वर्षीचं तिचं तांदळाचं पोतं वडिलांनी स्टेशनवरच ताब्यात घेतलं, असं ती सांगायची आणि अजून रागवायची.

(इथे मी कांदा घालते. बारीक चिरलेला, मंद आचेवर, लाल होऊ द्यायचा नाही. हलवत राहायचं. कुणीतरी येऊन जरा हा चमचा धरा. सगळं मीच करायचं असेल तर भाषण कशाला?)

तर या बायका मुकाट्याने वाकत होत्या असं समजू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेर्चेल्लीच्या खाचरांत संपांवर संप झाले. मोदेस्तो कुन्योलिओ नावाचा एक वकील त्यांच्या बाजूने उभा राहिला, 'ला रिझाइया', म्हणजे 'भातखाचर', याच नावाचं पत्र त्याने काढलं. १९०६ च्या जूनमध्ये व्हेर्चेल्लीत मोंदिनांनी आठ तासांचा दिवस मिळवला. इटलीत सगळ्या कामगारांसाठी तसा कायदा व्हायला १९२३ साल उजाडलं. हे साल मी मुद्दाम सांगतेय. आठ तास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गिरणी येते, भोंगा येतो, पुरुष येतो. इथे चिखलात उभ्या असलेल्या हंगामी शेतमजूर बायकांनी ते सतरा वर्षं आधी पदरात पाडून घेतलं होतं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले, पण शेतात वाकलेली बाई त्या कायद्यात नव्हतीच.

आणि हे फुकट मिळालं नाही. १७ मे १९४९ ला बोलोन्याजवळ मोलिनेल्लाच्या भागात शेतमजुरांच्या संपात मारिया मार्गोत्ती ही बाई पोलिसी गोळीने मेली. चौतीस वर्षांची, विधवा, पाठीमागे दोन मुली. त्याच वर्षी 'कडू तांदूळ' हा ज्युझेप्पे दे सांतिसचा चित्रपट आला. तो व्हेर्चेल्लीच्याच शेतांवर चित्रित झाला होता, सिल्व्हाना मांगानो त्यात मोंदिना झाली होती. चित्रपटाने मोंदिनांना जगभर ओळख दिली हे खरं. पण लोकांनी त्यातलं काय पाहिलं? जाहिरातींवर मांगानोच्या मांड्या. ज्या पायांना जळवा डसायच्या ते पाय बघण्याची वस्तू झाले. मी नोन्नाला त्या चित्रपटाबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "आमच्यातल्या कुणाच्याही चड्डीची इस्त्री इतकी कडक नव्हती." एवढंच बोलली आणि घेवड्याच्या शेंगा सोलत बसली.

'बेल्ला चाओ' हे गाणं तुम्हाला ठाऊक असेल. दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकरी आंदोलनात २०२० साली त्या चालीवर पंजाबी गाणं झालं. ते मूळ मोंदिनांचं असं खूप ठिकाणी लिहिलेलं सापडतं. १९६० च्या दशकात ज्योव्हान्ना दाफ्फिनी या मोंदिना गायिकेने तिच्या पद्धतीने ते गायलं, तेव्हापासून हा समज पसरला. पण अभ्यासकांच्या मते मोंदिनांच्या तोंडचे ते शब्द युद्धानंतरचे आहेत. आपल्या चळवळीत गोड वाटलेली गोष्ट तपासून न घेता सांगायची खोड आहे, म्हणून हे बोलले. मोंदिनांची स्वतःची गाणी काही थोडी नाहीत. आठ तासांवरचं आहे, मालकाच्या पांढऱ्या विजारीवरचं आहे. त्यांना उसन्या गाण्याची गरज नाही.

आता भाताकडे. तांदूळ वेचणाऱ्या या बायका खात काय होत्या? भात आणि घेवडा. दुपारी भात-घेवडा, रात्री भात-घेवडा, पातळ. मांस नाही. व्हेर्चेल्लीच्या हॉटेलांत आज 'पानिस्सा' मिळतो, शेजारच्या नोव्हाऱ्यात त्याचीच बहीण 'पानिश्शा', तिच्यात कोबी, गाजर, सेलरी अशा भाज्याही असतात. पानिस्सा म्हणजे भात, सालुज्जा गावचा घेवडा, कांदा, लाल वाइन, डुकराची चरबी आणि चरबीतच मुरवलेलं सलामी. तिकडे थंडीत हवा इतकी दमट की सलामी टांगून नीट वाळत नाही, म्हणून 'दोया' नावाच्या मातीच्या बरणीत वितळलेली चरबी ओतून त्यात ते बुडवून ठेवतात. हवा लागत नाही, वर्षभर मऊ राहतं. आपल्या तेलात बुडवलेल्या लोणच्याचीच युक्ती. हा भात 'मोंदिनांचा भात' म्हणून पर्यटकांना वाढतात. नोन्ना म्हणायची, मोंदिनाच्या वाट्याला त्यातलं सलामी सोडून सगळं यायचं.

नोन्नाचा पानिस्सा मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकले. आपल्या घरी तो कसा करायचा ते सांगते. पाच जणांसाठी म्हणा.

आदल्या रात्री २०० ग्रॅम राजमा भिजत घाला. चित्रा राजमा घ्या, ठिपक्यांचा. तो तिकडच्या घेवड्याच्या सगळ्यात जवळचा. दुसऱ्या दिवशी ते पाणी टाकून द्या आणि दोन लिटर ताज्या पाण्यात राजमा, मटणाची चार-पाच हाडं, एक गाजर, अर्धा कांदा, असेल तर सेलरीचा देठ असं शिजवा. राजमा पुरता शिजला पाहिजे, कच्चा राहिला तर पोट बिघडतं. कुकर वापरा, त्यात कमीपणा नाही. मग हाडं आणि भाज्या काढून टाका, राजमा वेगळा ठेवा, आणि ते पाणी शेजारच्या शेगडीवर सतत उकळतं राहू द्या. निम्मी चव त्याच पाण्यात आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात चरबी किंवा लोणी, तीन-चार चमचे. त्यात कांदा. कांदा पारदर्शक झाला की २०० ग्रॅम मांस, अगदी कुस्करलेलं. इथे गोव्याचा चोरिस घालावा का असं मला पुष्कळ जणी विचारतात. घाला, उत्तम लागतो, पण मग सिरका आणि मिरची पुढे येते आणि तो गोव्याचा पुलाव होतो. त्याला पानिस्सा म्हणू नका. मी डुकराचा जाडसर खिमा मीठ, मिरी, लसूण आणि दोन चमचे लाल वाइन लावून रात्रभर ठेवते. डुक्कर खात नसाल तर मटणाचा खिमा, थोडी चरबी असलेला.

मग तांदूळ, ३५० ग्रॅम. आणि इथे तुम्ही सगळ्याजणी माझ्यावर ओरडणार आहात: तांदूळ धुवायचा नाही. निवडायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा, पण धुवायचा नाही. आपण तांदूळ धुतो तो भात मोकळा व्हावा म्हणून. इथे दाण्यावरचं पीठच हवं असतं, तेच रस्सा दाट करतं. म्हणून बासमती इथे कामाचा नाही. तिकडे कार्नारोली किंवा आर्बोरियो वापरतात, दोन्ही १९४० च्या दशकात निवडलेली वाणं. आर्बोरियो हे व्हेर्चेल्ली जिल्ह्यातल्याच एका गावाचं नाव. मोठ्या दुकानांत मिळतो, पण महाग. मी मावळातला इंद्रायणी घेते. चिकट आहे, गोड आहे. मात्र दाणा लहान आणि मऊ, म्हणून तो लवकर शिजतो आणि जास्त घोटला तर मोडतो. वेळ बारा-तेरा मिनिटं धरा, हात हलका ठेवा. आर्बोरियोला सतरा-अठरा लागतात.

कोरडा तांदूळ चरबीत दोन मिनिटं परतायचा, दाणा हाताला चटका देईल इतका. मग पेलाभर लाल वाइन, ती आटू द्यायची. (प्रश्न: वाइन नको असेल तर? – नसू द्या. टोमॅटोचा थोडा आंबटपणा चालेल. चव वेगळी होईल, वाईट नाही.) आणि मग ते उकळतं पाणी, एक पळी. हलवा. शोषलं गेलं की दुसरी पळी. हलवा. थंड पाणी घालाल तर दाणा बाहेरून फुटेल आणि आत टणक राहील. निम्म्यात राजमा सोडा. शेवटी मीठ चाखून बघा. मिलानचा रिसोट्टो ताटलीत लाटेसारखा पसरतो, पानिस्सा घट्ट असतो, चमचा जवळजवळ उभा राहील इतका. गॅस बंद, लोण्याचा एक खडा, झाकण, दोन मिनिटं. झालं.

आता ही अठरा मिनिटं. या वेळात पातेलं सोडून जाता येत नाही. फोन घेता येत नाही, दार उघडता येत नाही, "अगं माझा टॉवेल कुठाय" ला जाता येत नाही. आणि झाल्यावर थांबवता येत नाही. दहा मिनिटांत गोळा होतो, पुन्हा गरम केला तर लगदा. माझ्या सासरी पद्धत अशी की पुरुष आधी बसतात, बायका वाढतात, मग बायका बसतात. मुलगी झाल्यावर, सून आल्यावरही तीच. त्यात मटण असेल तर फोडी पहिल्या पंगतीत संपतात. माझ्या आईने जन्मभर मटणाचा रस्सा खाल्ला आणि "मला रस्साच आवडतो" असं सांगितलं. मीही सांगत आले. रविवारी जिन्यावर मटणाचा वास भरलाय आणि आपण भाकरी रश्श्यात बुडवतोय, हे तुमच्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे ते हात वर न करताच कळतंय.

नोन्नाकडे पहिल्यांदा जेवलो तेव्हा मी सवयीने उभीच राहिले, जावयाला वाढायला. तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. पातेलं टेबलाच्या मध्ये आणलं. तिकडे भातासाठी माणसं थांबतात, माणसांसाठी भात थांबत नाही. हे काही तिथल्या पुरुषांचं मोठेपण नव्हे. तिच्या आईच्या वेळी चांगला तुकडा बापाचाच असायचा, असं तीही सांगायची. पण या भातात तुकडाच नसतो. मांस कुस्करलेलं, सगळ्या भातात मिसळलेलं. पळीत येईल तेवढं प्रत्येकाच्या ताटलीत सारखं. वाटणी आधीच झालेली असते, पातेल्यात.

परत आल्यावर एका रविवारी मी घरी केला. सासरे, दीर, यजमान, मुलगा, सून, मी. सांगितलं, एक वाजता सगळ्यांनी बसायचं, मीही बसणार, नाहीतर खराब होईल. यजमान सव्वाला आंघोळीला गेले. मी थांबले नाही. मी, सून आणि मुलगा बसलो, सासरेही, थोडे अवघडून, आमच्यासमोर बसले. यजमान आले तेव्हा गोळा झाला होता. "हे काय, भात नीट जमला नाही," म्हणाले. मी म्हटलं, जमला होता. त्या दिवशी घरात बोलाचाली झाली, ती मी इथे सांगत नाही. पण पुढच्या वेळी ते एकला पाच कमी असताना येऊन बसले. त्याच्या पुढच्या वेळी पळी हातात घेतली. रोजच्या जेवणात अजून आधी-मागे चालूच आहे, खोटं कशाला सांगू? हा भात असतो त्या दिवशी मात्र सगळे एकदम.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. पेल्लेग्रिनो आर्तुसी नावाच्या श्रीमंत ब्रह्मचारी गृहस्थाचं १८९१ चं पाकपुस्तक इटलीत घरोघरी आहे. रिसोट्टोच्या कृती त्यात आहेतच. पण त्याच्या घरी चूल सांभाळायचे ते मारिएत्ता साबातिनी आणि फ्रांचेस्को रुफिल्ली हे दोन नोकर. मुखपृष्ठावर नाव आर्तुसीचं. त्याने मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्क या दोघांच्या नावे केले, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. आपल्याकडे किती मालकिणींनी, किती लेखिकांनी हे केलंय? मी स्वतः तरी नाही. मला पोळी शिकवली ती आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी, आणि कौतुक झालं माझं.

आणि याच देशात, पादुआ शहरात, १९७२ साली मारियारोझा दाल्ला कोस्ता आणि तिच्या मैत्रिणींनी घरकामाला वेतन द्या अशी मागणी केली. सेल्मा जेम्सबरोबर तिने पुस्तिका काढली, पुढे सिल्व्हिया फेदेरिचीने तेच अमेरिकेत मांडलं. त्यांचं म्हणणं असं की कारखान्यात जाणारा माणूस रोज खाऊन-पिऊन, धुऊन-पुसून तयार होतो तो कुणाच्या तरी कामावर, आणि त्या कामाचा हिशेब कुठेच नाही. आपल्या गटात यावर वाद झालेत. वेतन दिलं तर बाई चुलीलाच बांधली जाईल असं म्हणणाऱ्या इथे आहेत, आणि त्यांचं मला पटतंही. पण नोन्नाने "किती देतात?" विचारलं तेव्हा तिने यातलं काही वाचलेलं नव्हतं. ती फक्त दिवसाला एक किलोचा हिशेब ठेवत आली होती. निघताना मी गमतीने मुलीला म्हटलं, सहा महिन्यांचे एकशे ऐंशी किलो झाले. मुलगी हसली नाही. तिने परतीच्या तिकिटाबरोबर माझ्या नावाने बँकेत पैसे टाकले. ते घ्यावेत का यावर आम्हा दोघींचं अजून एकमत नाही. घेतले मात्र मी.

१९६० च्या दशकात तणनाशकं आली, यंत्रं आली आणि मोंदिने संपल्या. वाकलेल्या कमरेला सुटका मिळाली आणि मजुरीही गेली. नोन्ना नंतर एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली.

(प्रश्न: उरला तर काय करायचं? – थोड्या लोण्यात तव्यावर धिरड्यासारखा पसरून दोन्हीकडून खरपूस करा. मिलानमध्ये उरलेल्या रिसोट्टोचं असंच करतात.)

चला, दोन मिनिटं झाली. झाकण काढते. कुणी वाढायला उठू नका, पातेलं मध्ये ठेवते, पळी हातोहात फिरू द्या. जिन्यात विचारणारी कुठे आहे? तू इकडे बस, माझ्या शेजारी.